तिरकं पाऊल

आमच्या घरातलं लाटणं पोळ्यांपेक्षा मारामारीला जास्त वापरलं गेलं, आणि त्याला कारण आमचे हे.

२००१च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांनंतर इथे अमेरिकेत, नोव्हाय गावात आम्ही भारतीय मंडळी जरा मान खाली घालूनच वावरत होतो. गॅस स्टेशनवर एक माणूस आमच्या अनीशच्या अंगावर थुंकला आणि "गो होम" म्हणाला. पोरगा सोळा वर्षांचा, जन्म इथलाच, जाणार कुठे? तो नुसता उभा राहिला. यांना त्या थुंकीपेक्षा त्याचं उभं राहणं जास्त लागलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी त्याला लिऊ सरांच्या कुंग फूच्या क्लासमध्ये घातलं.

लिऊ सर म्हातारे, मोजकं बोलणारे. त्यांचं सांगणं एकच. हातानं वार अडवताना त्याच क्षणी पाऊल तिरकं पुढे टाकायचं. नुसता हात वर केलात तर समोरच्याचा सगळा जोर तुमच्या हाडावर येतो, पाऊल टाकलंत तर तो तुमच्या शेजारून निघून जातो. अनीशचा हात वेळेवर यायचा, पाय मात्र जमिनीला चिकटलेले.

झालं! यांनी ते मनावर घेतलं. जन्म गाड्यांच्या कंपनीत गेलेला, त्यामुळे पोरगाही दुरुस्त करायचीच वस्तू. ऑफिसातून आले की टाय सोडायच्या आधी हातात माझं लाटणं.

"चल अनीश, रेडी? हात आणि पाय एकदम!"

"बाबा, डिनर फर्स्ट, प्लीज."

"मारणारा थांबतो का जेवायला? खांबासारखा उभा राहू नकोस. पाय हलव!"

अनीशच्या मागे सोफा असायचा. त्याचं पाऊल बरोबर पडलं की लाटणं सोफ्यावर आपटायचं, धूळ उडायची आणि हे खूश. हिवाळा संपेपर्यंत पोराचा पाय आपोआप पडायला लागला. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

एप्रिलमध्ये, भर दुपारी, इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये दारू प्यालेला एक माणूस शिव्या देत, फुटकी बाटली घेऊन अनीशवर धावून आला. मी गाडीत पिशव्या ठेवत होते. हे अनीशला मागे ओढायला धावले आणि त्याच्या पाठीशी पोचले. अनीशला ते दिसलेच नाहीत. त्यानं हातानं वार वळवला आणि त्याच क्षणी तिरकं पाऊल टाकलं. इतकं सुरेख पाऊल त्यानं क्लासमध्येही कधी टाकलं नसेल. बाटली त्याच्या शेजारून निघून गेली आणि यांच्या उजव्या डोळ्यात शिरली.

डोळा गेला. त्या माणसाला पोलिसांनी पकडलं, पण त्याचं मला काय करायचंय? अनीशनं क्लास सोडला. वडिलांसमोर जेवायला बसेना. घरातसुद्धा भिंतीला पाठ लावून उभा राहायचा.

"अरे, तुझं काही चुकलं नाही," हे पुन्हा पुन्हा सांगायचे.

"आय नो, बाबा. आय डिड इट राइट," एवढंच तो म्हणायचा.

मला लिऊ सरांचा संताप यायचा, यांचा यायचा, त्या मेल्या लाटण्याचासुद्धा यायचा. मी ते वरच्या कपाटात मागे सारलं आणि पोळ्या विकत आणायला लागले.

जूनमधल्या एका रविवारी यांनी ते शोधून काढलं. "अनीश, चल. एकदाच. माझ्यासाठी."

यांच्या मनातलं मला कळत होतं. एकदा पोराचं पाऊल पडलं तर तो यातून सुटेल, नाहीतर जन्मभर असाच भिंतीला चिकटून राहील. अनीश नाही म्हणाला नाही. हॉलच्या मधोमध येऊन उभा राहिला. मी चहाचे कप घेऊन त्याच्या मागून येत होते.

यांनी लाटणं उगारलं. एका डोळ्यानं अंतर नीट कळत नाही, हे आम्ही तिघंही विसरलो होतो. हलकेच मारायचा म्हणून उचललेला हात जोरात खाली आला. अनीशनं मान किंचित वळवून मला पाहिलं आणि हातसुद्धा उचलला नाही. लाटणं त्याच्या कपाळावर बसलं.

"पाय हलव ना रे!" हे ओरडले.

"आई इज बिहाइंड मी," तो म्हणाला. भुवईवरून रक्त ओघळत होतं.

मी कप तिथेच जमिनीवर ठेवले आणि पार भिंतीपर्यंत बाजूला झाले. "बघ राजा, आता मागे कोणी नाही." यांनी लाटणं टाकून दिलं होतं, दोन्ही हात रिकामे करून त्याला दाखवत होते. तरी तो तसाच उभा राहिला, पाय जमिनीला चिकटलेले, कपाळ पुढे केलेलं.