शेवटच्या टाकीतले मासे

माशाचं तोंड उघडत होतं, मिटत होतं — बोटाच्या पेराएवढं तोंड, पाण्याच्या अगदी वरच्या थरातून हवा ओढणारं. आणि तेजराम मास्तरांना वाटलं, आपलंही तसंच चाललंय, या वासात श्वास घ्यावा तर मळमळतं, न घ्यावा तर... उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान भिजवलेल्या पाण्याचा वास. आंबट, कुजका, दोन वर्षांत सदऱ्याला कायमचा चिकटलेला. निवृत्तीनंतर भातगिरणीच्या मालकानं बोलावलं, तेव्हा हुद्द्याचं नाव किती स्वच्छ होतं — पर्यावरण अधिकारी! विज्ञानाचा शिक्षक, बी.एस्सी.; सहामाही अहवालाखाली सही शोभून दिसते. सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र दिवाळीपासून बंद होतं, आणि ते उत्तम चालल्याच्या अहवालाखाली तीच सही होती. वळणदार. फळ्यावरच्या अक्षरासारखी.

आज प्रदूषण मंडळाची तपासणी. म्हणून शेवटच्या टाकीत बोअरचं पाणी भरलं होतं, आणि पहाटे गिरणीचा मॅनेजर भूपेंद्र यानं तलावावरून जिवंत मासे आणून त्यात सोडले होते. मासे जगतात म्हणजे पाणी चांगलं; साहेब लोकांना हे कागदापेक्षा पटकन पटतं. पण साहेब अकराला यायचे ते एक वाजला तरी आले नव्हते. मधल्या टाकीतलं सांडपाणी तिच्यात झिरपू लागलं, वास उठला, आणि भूपेंद्रनं सांगितलं म्हणून मास्तरांनीच — स्वतःच्या हातांनी — वास मारायच्या औषधाचा डबा टाकीत रिकामा केला होता. डब्यावर कवटीचं चित्र होतं.

"मास्तर, साहेब येईपर्यंत जित्ते राहतीन ना हे?" भूपेंद्रनं विचारलं.

"पाण्यात विरघळलेला प्राणवायू..."

"थे शाळेत सांगा. राहतीन का नाई, तेवढं बोला."

नुकतीच झाडायला आलेली देवकाबाई झाडू टेकवून हसली. "त्यायले काय पुसता! मासे अन् मास्तर, दोघंबी साहेबाले दाखवाले आनले."

मास्तरही हसले — का हसलो आपण? — आणि मनात म्हणत राहिले, अजून दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं जगा रे... ही दया आहे असं क्षणभर वाटलं, आणि मग त्या वाटण्याचीच शिसारी आली.

जीप आली. साहेबांनी नाकाला रुमाल लावला, टाकीत डोकावून फोटो काढला. मासे हलत होते. भूपेंद्रनं पाइप सोडून पाणी खळबळत ठेवलं होतं.

"साहेब, आता हे मासे मी नेऊ का?" देवकाबाईनं मध्येच विचारलं. "माह्या नातीले, अंजूले, लय आवडते."

"मास्तरांना विचारा," साहेब हसले. "पाणी त्यांच्या देखरेखीतलं. काय मास्तर, न्यावेत ना?"

अंजू... मास्तरांच्या शेवटच्या सातवीच्या वर्गातली, पहिल्या बाकावरची. पाण्यात हवा असते तर दिसत का नाही सर, असं विचारणारी. नको म्हणावं — पण का नको, तो कवटीचा डबा, तेही सांगावं लागेल, आत्ता, इथंच... भूपेंद्र खाकरला. किळस घशाशी आली. वासाची, त्या रुमालाची, भूपेंद्रच्या खाकरण्याची, आणि तिथंही ती थांबेना. कारण मास्तरांच्या ध्यानात आलं, की हो की नाही हे आपण केव्हाच ठरवून बसलोय. ‘न्या’ हा शब्द कसा उच्चारला म्हणजे सहज वाटेल, एवढंच आता जिभेवर घोळवून पाहतोय — आणि तो सूर जवळजवळ सापडलाही होता.