एक पीळ जास्तीचा

"मी आपटलं नाही, भाऊ. बाळाची पेटी कोण आपटेल?"

सफाईची मावशी बोलत होती आणि मी झाकण उजेडात धरून बघत होतो. स्क्रूच्या भोकापासून निघालेल्या बारीक चिरा. दोन महिन्यांतलं हे पाचवं झाकण. कमी दिवसांच्या बाळांना ज्या उबेच्या पेट्यांत ठेवतात, त्यांना आमच्या दवाखान्यात सगळे काचपेटी म्हणतात. काच नाही ती. जाड, पारदर्शक प्लास्टिक. आपोआप तडकत नाही. सव्वीस वर्षं दुरुस्ती करतोय, मला कोण शिकवणार?

"मग भुताने आपटलं असेल," मी म्हणालो.

"भूत आलं असतं तर फरशी तरी पुसून गेलं असतं." ती हसली. मी नाही.

नोंदवहीत, कारणाच्या रकान्यात: हाताळणीतील निष्काळजीपणा.

वहीत नाही ते: मी आठवडाभर दाराआडून तिच्यावर डोळा ठेवला. बादली ती पेटीपासून लांब ठेवायची. फडकं हळू फिरवायची. मला वाटलं, मी बघतोय हे हिने ताडलंय, म्हणून हे नाटक. चोराच्या मनात चांदणं.

सहावं झाकण. पेटी कमी पडली, एका बाळाला दुसऱ्या दवाखान्यात हलवावं लागलं.

"तुमचं मत काय?" मेट्रनबाईंनी विचारलं. मी वही पुढे केली.

सोमवारपासून येऊ नका, असं मावशीला सांगण्यात आलं. जाताना तिने फडकं धुतलं, पिळलं, दांडीवर वाळत घातलं.

मंगळवार. सातवं झाकण.

मावशी नसताना.

आता संशय कुणावर घ्यायचा? नव्या बाईवर? तिला येऊन एकच दिवस झाला होता. मी स्टोअरमध्ये गेलो. फळीवर एक जादा झाकण होतं, दोन महिने पडून. मावशी तेही रोज पुसायची, त्याच स्पिरिटने. "पडून आहे म्हणून घाण राहू द्यायचं का, भाऊ?" उजेडात धरलं. एक चीर नाही.

त्याला स्क्रू नव्हते.

स्क्रू कोण लावतं? मी. घट्ट बसला की वर एक पीळ जास्तीचा. माझ्या हातचं कधी सैल होत नाही, असं मी चारचौघांत सांगतो.

तुटक्या झाकणाच्या तीन पट्ट्या कापल्या. एक, पिळासारखा ताण बसावा म्हणून, वाकवून शिकंज्यात धरली, कोरडी. एक सपाट ठेवून स्पिरिटने पुसली. तिसरी वाकवली आणि पुसली. समोर चहा घेऊन बसलो.

पहिल्या दोघींना काही झालं नाही. तिसरी चहा संपायच्या आत बोलली. कुणी हळूच बोट मोडावं, तेवढाच आवाज.

दोन महिन्यांपूर्वी वरून हुकूम आला होता, साबणाच्या पाण्याऐवजी स्पिरिट वापरा. त्याआधीची सव्वीस वर्षं माझा पीळ साबणाने सांभाळून घेतला होता.

वहीत सात ओळी खोडल्या. सात वेळा लिहिलं: स्क्रू अति घट्ट, त्यावर स्पिरिट. खाली सही. मेट्रनबाईंनी वाचलं.

"हे इतके दिवस दिसलं नाही तुम्हाला?"

"इतके दिवस मी मावशीकडे बघत होतो."

गुरुवारी मावशी आली. बादलीत पुन्हा साबणाचं पाणी. मी नवं झाकण बसवत होतो. ती फडकं घेऊन शेजारी उभी राहिली. चौथा स्क्रू टेकला आणि माझं मनगट सवयीने पुढच्या पिळाला निघालं. ती मनगटाकडे बघत राहिली.

मी हात काढून घेतला.

"झालं का, मिस्त्री?"

"झालं."

तिने आधी एकेका स्क्रूभोवती बोट फिरवून पाहिलं. चारही. मग फडकं भिजवलं.