वहिनींचा डावा कान

शनिवारी सकाळी नऊपासून सेवा मंडळाच्या सभागृहात लगबग चालली होती. एका बाजूला लांब टेबलांवर कानाच्या मशीनचे चारशे डबे मांडले होते. परदेशातल्या एका शाळेतल्या बहिऱ्या मुलांसाठी ते जायचे होते, आणि ते न्यायला तिथल्या मंडळाचे पाहुणे मंगळवारी येणार होते. दुसऱ्या बाजूला शहरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे कान फुकट तपासले जात होते.

मंडळाचे अध्यक्ष फरशीचे व्यापारी होते. उंचेपुरे, हसतमुख. म्हाताऱ्यांना स्वतः हाताला धरून खुर्चीत बसवत होते. त्यांच्या कारकिर्दीत मंडळानं शाळांना पाण्याच्या टाक्या दिल्या, भूकंप झालेल्या देशात तंबू पाठवले. लोक त्यांना देवमाणूस म्हणत.

त्यांची बायको डबे भरून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. सगळं मंडळ तिला वहिनी म्हणे. कुणी बोलायला लागलं की ती मान वळवून उजवा कान पुढे करायची. एका बाजूनं हाक मारली तर ओ देत नसे. "वहिनी आपल्याच तंद्रीत," अशी मंडळात थट्टा चाले आणि तीही हसून घ्यायची.

साडेअकराला फोटोवाला म्हणाला, "अध्यक्ष, घरच्या माणसाची तपासणी होतेय असा एक फोटो छान येईल."

"अगं, बस की खुर्चीत," अध्यक्ष म्हणाले.

"नको. माझं काम पडलंय."

त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. लोकांना तो लाडाचा वाटला. ती मुकाट बसली.

कानाच्या डॉक्टरीणबाई मंडळात नव्या होत्या. त्यांनी वहिनींच्या डाव्या कानात बत्तीनं पाहिलं आणि त्यांचा हात थबकला. पडद्याला जुने वण होते, आणि एक भोक ताजं. कडेला रक्त सुकलेलं. त्या वाकून हळूच म्हणाल्या, "वहिनी, हे कशानं झालं?"

वहिनी समोर बघत राहिल्या. त्या कानानं त्यांना ऐकूच येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंना वाटलं, टाळताहेत. त्यांनी जरा मोठ्यानं विचारलं, आणि आजूबाजूची बोलणी थांबली.

"काडी लागली, कान कोरताना," वहिनी म्हणाल्या.

"काडीनं पडदा असा फाटत नाही. हा हाताचा फटका आहे." बोलून गेल्यावर डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं की हे सगळ्यांनी ऐकलं.

अध्यक्ष हसले. "आमच्या घरात एवढं धाडस कुणात आहे?" म्हणाले. चारदोन जण हसले. फोटो निघाला.

दुपारी एकला ते घरी आले. बूटही न काढता अध्यक्ष स्वयंपाकघरात गेले. वहिनी ओट्याशी पाण्याचा पेला भरत होत्या.

"काय सांगितलंस तिला?"

"काही नाही. काडी लागली म्हटलं. तुम्ही ऐकलंत ना."

"मग 'हाताचा फटका' कुठून आला तिच्या तोंडात?"

पहिला फटका पाठीत बसला. पेला फुटला. अशा वेळी राग अनावर झाला असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. तसं काही नव्हतं. मंगळवारी कार्यक्रम आहे, तोंडावर वळ दिसता कामा नयेत, हे त्यांच्या पक्कं ध्यानात होतं. त्यांनी तिचे केस मुठीत धरले आणि कपाळाऐवजी खांदा ओट्याच्या कडेवर आपटला. ती खाली काचांवर पडली. मग बुटाची लाथ, बरगडीत. दुसरी, तिसरी. पोट वाचवायला तिनं हात आडवा धरला, तर त्यांनी मनगटावर पाय देऊन भार टाकला.

पलीकडच्या खोलीत सासूबाई टीव्ही बघत होत्या. एकोणीस वर्षं त्या एकच करत आल्या होत्या. मारहाण सुरू झाली की आवाज वाढवायचा. त्यांच्या नवऱ्यानं त्यांची दोन बोटं मोडली होती, तेव्हा त्यांच्या सासूनंही दार लोटून घेतलं होतं. आज त्यांनी आवाज पार शेवटापर्यंत नेला. तरी हाड मोडल्याचं ऐकू आलं. मग सुनेचं ओरडणं थांबलं, आणि ते थांबणं त्यांना सहन झालं नाही.

त्या आल्या तेव्हा सून भिंतीशी मुटकुळं होऊन पडली होती. हात नको तिथे वाकला होता. मुलानं पुन्हा पाय उचलला होता. म्हातारी खाली बसली आणि सुनेवर आडवी झाली.

"आई, बाजूला हो."

"मार. तुझ्या बापाचं जेवढं राहिलंय तेवढं तू पुरं कर."

पाय खाली आला, म्हातारीच्या खांद्यावर. तेव्हा कुठे ते थांबले. नळाखाली हात धुतले, रुमालानं कोरडे केले आणि म्हणाले, "जिन्यावरून पडली म्हणून सांग. मागच्या खेपेसारखं."

सासूबाई उठल्या. दार उघडून, अनवाणी, रक्त लागलेल्या लुगड्यानिशी त्या भर दुपारी रस्त्यावर गेल्या आणि शेजाऱ्यांची कडी वाजवली.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात मंडळाचे सातआठ जण गोळा झाले. आत ऑपरेशन चालू होतं. तीन बरगड्या मोडल्या होत्या, पोटात रक्त साचलं होतं.

"घरातली गोष्ट आहे," उपाध्यक्ष म्हणाले. "मंगळवारी पाहुणे येताहेत. चारशे पोरांचा प्रश्न आहे. आत्ता बोभाटा नको."

डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "मी चारचौघांत बोलले म्हणून तिला हे भोगावं लागलं," त्या म्हणाल्या. "ते माझ्या माथी आहे. पण तुम्ही तिला किती वर्षं ओळखता?"

तिथेच उभे असलेले मंडळाचे चिटणीस निवृत्त हेडमास्तर होते. सगळे त्यांना सर म्हणत. सहलीत एकदा वहिनींची बाही वर सरकली होती, ते त्यांना आठवलं. कोपरापर्यंत काळंनिळं होतं. त्यांनी तेव्हा खिडकीबाहेर पाहिलं होतं.

बाकावर बसलेल्या सासूबाई उठल्या आणि जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराकडे गेल्या. "लिहून घ्या," म्हणाल्या. "माझ्या मुलानं मारलं. एकोणीस वर्षं मारतोय. मी टीव्हीचा आवाज वाढवत होते, तेही लिहा."

दुसऱ्या दिवशी वहिनी शुद्धीवर आल्या. उपाध्यक्षांची बायको फुलं घेऊन आली होती. ती उशाशी बसून म्हणाली, "जिन्यावर तोल गेला म्हणावं, वहिनी. माणूस वाईट नाही हो. केवढी कामं केली त्यांनी. आणि तुम्ही तरी जाणार कुठे?"

वहिनींनी मान वळवून नीट ऐकून घेतलं. मग हवालदाराला बोलवायला सांगितलं. बोलताना बरगड्या टोचत होत्या, म्हणून त्या एकेक शब्द वेगळा बोलल्या. "मी पडले नाही. कधीच पडले नव्हते." उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून जबाबाखाली डाव्या हाताचा अंगठा उठवला.

त्याच दुपारी पोलिसांनी अध्यक्षांना दुकानातून नेलं.

मंगळवारी परदेशी पाहुणे आले. सभागृह सजलं होतं. डबे रांगेत होते, प्रत्येकावर वहिनींच्या अक्षरातली चिठ्ठी होती. पाहुण्यांच्या प्रमुख बाईंनी दुभाष्यामार्फत विचारलं, "अध्यक्ष दिसत नाहीत?"

उपाध्यक्षांनी सरांच्या कानात सांगितलं, "प्रकृती बरी नाही म्हणा. विषय संपवा."

सर माइकपाशी गेले.

"अध्यक्ष कोठडीत आहेत," ते म्हणाले. "त्यांनी बायकोला मरेस्तोवर मारलं. ती वाचली, पण तिचा डावा कान कायमचा गेला. हे डबे तिनं भरले आहेत. ते जरूर न्या, मुलांचा यात काही दोष नाही. पण आम्हाला धन्यवाद देऊ नका."

दुभाष्यानं ते सांगितलं. पाहुण्या बाईंचा हात तोंडावर गेला. त्यांच्याबरोबरचे दोघे उठून उभे राहिले.

सभागृहात मंडळाचे एकतीस सभासद बसले होते. त्यांच्यापैकी एकही जण दचकला नाही.