मला पाठ करू नका

मित्रांनो, मी एक जुना आणि संशयी तक्ता आहे. लातुरात जिलानीभाईंच्या चष्म्याच्या दुकानात भिंतीवर लटकतो. वर एक मोठा क, खाली अक्षरं बारीक होत जातात.

जन्मतः मी भोळा होतो. मग भूकंप झाला, मी खिळ्यासकट खाली आलो आणि जिलानीभाईंनी घाईघाईत मला उलटं टांगलं. त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकांनी मला वरपासून खालपर्यंत बिनचूक वाचलं. तेव्हापासून माझा माणसांवर विश्वास नाही.

पुढे गल्लोगल्ली क्लासेस निघाले. पोरं रांगेत उभ्या उभ्या मला पाठ करू लागली. एकीने तर विचारलं, यातल्या महत्त्वाच्या ओळी कोणत्या?

मन्मथ सर त्यातल्याच एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. दरवर्षी चष्मा बदलायचे, त्यामुळे मी त्यांना तोंडपाठ. यंदा त्यांना बायकोने, कस्तुराबाईंनी, ओढतच आणलं. दिवस मावळला की धडपडतात, अशी बाईंची तक्रार. सरांचं म्हणणं, परीक्षा तोंडावर आहे, क्लास बंद ठेवणार नाही, नंबर तोच आहे एवढं हिला सांगा. आणि त्यांनी मला घडाघडा म्हणून दाखवलं.

"नजर फर्स्टक्लास हाय," जिलानीभाई म्हणाले.

मला संशय आला. सर शेजारच्या कॅलेंडरकडे बघत होते. पण तक्त्याचं ऐकतं कोण?

संशय जिलानीभाईंच्या बायकोला, शकिलाभाभींनाही आला होता. आत येताना सरांनी गॉगलच्या जाहिरातीतल्या पुठ्ठ्याच्या बाईला नमस्कार करून तब्येत विचारली होती. भाभींनी धूळ पुसायच्या निमित्ताने मला उतरवलं, परत टांगलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. सरांनी पुन्हा घडाघडा वाचलं.

"सर," भाभी हळूच म्हणाल्या, "तक्ता उलटा हाय."

मग सरांनी कबूल केलं. डोळ्यांपुढे सारखं वेल्डिंग चालल्यासारखं चमकतं, अंधारात तर काहीच दिसत नाही.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि विचारलं अंगावरच्या डागांचं. टाचेखालचा काळा डाग सरांनी मागे कुरूप समजून कापून घेतला होता. तो कातडीचा कॅन्सर निघाला. आता तो पसरू लागला होता. डॉक्टर म्हणाले, अशा कॅन्सरशी लढताना शरीर कधी कधी चुकून डोळ्याच्या पडद्यावरही हल्ला करतं. पहिली खबर डोळ्यांनी दिली होती, ती सरांनी दाबून ठेवली होती.

उपचार चालू आहेत. परवा सर आले, निम्मे झालेत. जिलानीभाईंनी विचारलं, काय दिसतं? सर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"वरचा क. खालचं न्हाई दिसत."

एवढ्या वर्षांत मला इतकं खरं कुणी वाचलं नव्हतं.

मित्रांनो, तुम्हाला पाठ करायला दुसरं पुष्कळ आहे, मला सोडा. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. आणि पाय धुताना तळवे एकदा उलटे करून बघत जा. मीसुद्धा उलटा झालो तेव्हाच उपयोगी पडलो.