पांढऱ्या स्ट्रॉबेरीचा कूलर

मी एक जुना कूलर आहे. मित्रांनो, थंड हवा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचा, रिमोटवर चालणारा एसी येत असेल. मी त्या खानदानातला नाही. माझं अंग पत्र्याचं, तीन बाजूंना गवत भरलेल्या जाळ्या, पोटात पाण्याची टाकी आणि पुढे पंखा. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं म्हणतात. माझ्या टाकीत पाणी चांगलं खोल होतं, तरी माझा खडखडाट दोन घरं पलीकडे ऐकू जायचा. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही, कारण माझी हवाही तशीच जोरदार होती.

इंदूरच्या एका पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून लोडिंग रिक्षात बसून मी इंदूरजवळच्याच राऊ गावात, भाऊराव आणि कौसल्याबाईंच्या घरी आलो. भाऊरावांचे वडील महूच्या छावणीत शिपाई होते. कौसल्याबाई नर्स होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा धम्मपाल तेव्हा शाळेत जात होता. उन्हाळा आला की भाऊराव माझं गवत बदलायचे, पंख्याला तेल द्यायचे आणि घरातली सगळी माणसं रात्री माझ्यासमोर अंथरुणं टाकायची. उन्हाळाभर माझा थाट राजासारखा असे. पावसाळा लागला की माझ्यावर जुनी चादर पडायची. मला त्याचं वाईट वाटत नसे. पुढच्या उन्हाळ्यात आपली आठवण होणार, हे मला ठाऊक असायचं.

मग भाऊराव वारले. धम्मपालला पुण्यात नोकरी लागली. जाण्यापूर्वी त्याने आईसाठी एसी बसवला आणि मला मागच्या अंगणात नेऊन ठेवलं. त्यानंतर उन्हाळे आले आणि गेले, माझ्यावरची चादर कोणी काढली नाही. एसीही क्वचितच लागायचा. एकट्या बाईसाठी आख्खी खोली काय गार करायची, असं कौसल्याबाई म्हणायच्या. संध्याकाळी त्या मागच्या पायरीवर येऊन बसत. घरात माणूस असून घर मुकं होतं.

गेल्या दिवाळीत धम्मपाल आला तो रोपांचं खोकं घेऊन.

"आई, ही पांढरी स्ट्रॉबेरी आहे," तो म्हणाला. "पिकली तरी पांढरीच राहते, वरचे दाणे तेवढे लाल होतात. सोबत हे एक साध्या लाल स्ट्रॉबेरीचं रोप दिलंय. त्याचे पराग मिळाले की हिला फळ चांगलं धरतं."

"एवढी नाजूक चीज इकडच्या धुपेत टिकणार का रे?"

"थंडीत टिकेल. फळं लागली की खायला येतो मी. पक्का."

कौसल्याबाईंनी सगळं अंगण पाहिलं आणि शेवटी माझ्यावरची चादर ओढली. माझ्या टाकीला गंजून भोकं पडली होती. कूलरच्या दृष्टीने हा मोठा दोष, पण कुंडीला तोच गुण. त्यांनी माझ्या जाळ्या आणि वरचं झाकण काढलं, टाकीत माती, वाळू आणि शेणखत भरलं आणि रोपं लावली. जाळ्यांमधलं जुनं गवत त्यांनी रोपांखाली अंथरलं, म्हणजे फळं मातीला टेकून सडणार नाहीत. माझ्या पोटात आता पाण्याच्या जागी मुळं होती. इतक्या वर्षांनी कोणी आपल्याला हात लावला, याचा मला फार आनंद झाला.

फुलं आली तेव्हा अंगणात मधमाश्या फिरकेनात. कौसल्याबाईंनी मऊ ब्रश आणला. सकाळी चष्मा लावून त्या लाल रोपाच्या फुलावर ब्रश फिरवायच्या आणि मग पांढऱ्याच्या फुलांवर. "बेटा, एकट्यानं काही होत नाही, हे तुला पण कळलं ना," असं त्या फुलाशी बोलायच्या. दिवसभरात त्यांचा आवाज मी ऐकायचो तो एवढाच.

फळं धरली. लाल रोपाची फळं बुलबुलांनी एकेक करून फस्त केली, पण पांढऱ्या फळांकडे एकही पाखरू वळलं नाही. त्यांना ती कच्ची वाटत असावीत. शेजारी निशिगंधा राहायला आली होती. मूळची नाशिकची, इथल्या कॉलेजात शिकवायची. तिनेही भिंतीवरून डोकावून तेच विचारलं.

"काकू, या पिकणार कधी?"

"पिकल्यात गं. दाणे बघ, कसे लाल झालेत."

"मग एक चाखू का?"

"थांब ना जरा. पहले धम्मपाल येऊ दे."

धम्मपालचा फोन यायचा. या शनिवारी जमत नाही, पुढच्या बघतो. पुढच्या शनिवारी काहीतरी दुसरं निघायचं. कौसल्याबाई पिकलेली फळं डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायच्या. ती मऊ पडायची, पाणी सोडायची, आणि मग त्या तो डबा घेऊन मागे यायच्या आणि खताच्या खड्ड्यात रिकामा करायच्या. स्वतः त्यांनी एकही फळ खाल्लं नाही. मला त्यांचा राग यायचा. अहो, एक तरी तोंडात टाका, असं सांगावंसं वाटायचं. पण कूलरला तोंड असून बोलता येत नाही.

होळीनंतर ऊन तापलं. पानांच्या कडा करपू लागल्या. तेवढ्यात धम्मपालचा फोन आला आणि कौसल्याबाई फोन कानाला लावूनच अंगणात आल्या. "चौदा एप्रिलला येतोस? नक्की ना? हो हो, फळं राहतील. मी ठेवते ना."

फोन ठेवून त्यांनी रोपांची करपलेली पानं खुडली. एप्रिलच्या उन्हात स्ट्रॉबेरी ठेवायची म्हणजे तळहातावर बर्फ ठेवण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी त्या वीजमिस्त्री संजीवला घेऊन आल्या.

"अम्मा, अंदर एसी लगा है," संजीव म्हणाला. "इस खटारे का क्या करोगे?"

"भिया, पौधों के लिए चाहिए. मेरे लिए नहीं."

संजीव हसला, पण त्याने काम मन लावून केलं. माझ्या पंख्याची मोटर नवी झाली. जाळ्यांमध्ये ताजं गवत भरून त्या परत बसवल्या. टाकीत माती असल्यामुळे पाण्याची बादली शेजारी ठेवली आणि छोट्या पंपाने पाणी गवतावर सोडलं. पंखा फिरला, आणि ओल्या गवतातून आलेली गार हवा माझ्या पोटातल्या रोपांवरून वाहू लागली. सकाळी कोवळ्या उन्हासाठी वरचं झाकण उघडायचं, ऊन चढलं की लावायचं. बादली भरत राहायची. कौसल्याबाई दिवसभर माझ्याभोवतीच असायच्या. मित्रांनो, खरं सांगतो, माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस तेच.

चौदा एप्रिल उजाडला. दरवर्षी या दिवशी कौसल्याबाई पहाटेच महूला जायच्या. बाबासाहेबांच्या जन्मभूमीवर लाखो माणसं येतात, आणि त्यांना पाणी पाजायला कौसल्याबाईंच्या सासऱ्यांनी सुरू केलेली पाणपोई तिथे असते. या वर्षी पहिल्यांदाच त्या गेल्या नाहीत. घरातच मेणबत्ती लावून त्यांनी वंदना केली, निळ्या काठाची पांढरी साडी नेसल्या आणि पायरीवर बसल्या. माझ्या पोटात तीन फळं पिकून तयार होती.

दुपारी फोन वाजला.

"आई, तू आहेस कुठे?" धम्मपालचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू आला. "मी सकाळपासून पाणपोईवर उभा आहे. सगळे विचारतायत, कौसल्याबाई कुठे."

"मी तर घरी आहे. तुझी राह बघते."

"आजच्या दिवशी तू घरी? मला वाटलं, तू इथेच असणार. आई, मी पुण्याच्या मंडळासोबत आलोय. आमची बस थोड्या वेळात परत निघेल."

एकमेकांना त्यांनी तारीख सांगितली होती. जागा सांगायची दोघांनाही गरज वाटली नव्हती.

कौसल्याबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. तिन्ही फळं तोडली, डब्यात ठेवली आणि भिंतीपाशी जाऊन हाक मारली, "निशिगंधा, स्कूटी काढ बेटा. महूला जायचंय, जल्दी." स्कूटीचा आवाज दूर गेला. पंखा बंद करायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

मी फिरत राहिलो. हळूहळू बादली आटली. पंप कोरडाच घरघरू लागला, गवत वाळलं. आता बाहेरची लू, म्हणजे उन्हाची तापलेली झळ, माझ्या जाळ्यांतून आत येत होती आणि मी ती त्या रोपांवरून ओढत होतो. ज्यांना मी महिनाभर जपलं, ती माझ्याच हवेने करपत होती. मला थांबता येत नव्हतं. बटण माणसाच्या हातात असतं.

दिवेलागणीला दोघी परतल्या. कौसल्याबाईंनी आधी माझं बटण बंद केलं आणि मग झाकण उचललं. पानं पापडासारखी वाळली होती. निशिगंधा हळूच म्हणाली, "काकू, सगळी गेली हो."

"जाऊ दे," कौसल्याबाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. "बस सुरू झाली होती, बघितलंस ना तू? दारातच उभा होता तो. डबा उघडला तर दोन फळं चेपलेली. लोक म्हणाले, अरे कच्चं आहे, नको खाऊ. त्यानं तिन्ही खाल्ली. रस पण बोटानं चाटला. अर्धा मिनिट पण नाही भेटलो गं. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे."

निशिगंधा त्यांच्याजवळ बसून राहिली. बऱ्याच वेळाने ती उठून घरी गेली आणि अंगणात आम्ही दोघंच उरलो.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रं तुम्हाला सांगतात, आमच्यावर धूळ साचू देऊ नका, वेळेवर तेल द्या. तेही करा. पण माझं मागणं वेगळं आहे. कोणाला 'येतो' म्हणाल, तर ठरल्या वेळी या, आणि कुठे येणार तेही सांगा. वाट पाहणाऱ्या माणसाला निदान कोणत्या दारात उभं राहायचं, एवढं तरी कळू द्या.