मेंढरांच्या वेळेची शाळा

शाळेचं कुलूप बघून साहेब तापला. अकराचं ऊन, रिकामं पटांगण, पायरीवर पसरलेली एक कुत्री. शाळा तपासायला आलेल्या माणसाला तिनं उठूनही दाखवलं नाही.

"बाई, वीस पोरं नसतील तर शाळा आज बंद. पत्रात लिहिलं होतं."

"होतं की," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि आमची शाळा नऊला सुटते, हे माझ्या पत्रात होतं."

ते पत्र साहेबाच्याच कचेरीत कुठल्या तरी फायलीत निजलेलं.

आता जरा मागं जायला हवं. थोडंच. साहेब उन्हात उभाय.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. तीन मरायला टेकलेल्या शाळा त्यांनी जगवल्या होत्या, म्हणून गाव त्यांना शाळांची सुईण म्हणायचं. आमच्याकडं आल्या तेव्हा पटावर पोरं सव्वीस, बाकावर चार. आधीच्या गुरुजींनी आयाबापांना तंबी दिलेली, नोटिसा चिकटवलेल्या. बाई आठवडाभर वर्गाकडं फिरकल्याच नाहीत. बांधाबांधानं हिंडल्या. प्रत्येक आईनं तेच ऐकवलं, की शाळा दहाला भरते, मेंढरं नऊला सुटतात, आता पोराला काय मधोमध चिरायचं?

बाईंनी घड्याळ फिरवलं. घंटा उजाडता उजाडता. धाकटे गुरुजी दोन दिवस फुगून बसले. कोंबड्याची नोकरी आपल्याला जमायची नाही म्हणाले. तीन महिन्यांत बाकं कमी पडली, तेव्हा तेच सगळ्यात आधी यायला लागले.

तर, साहेब.

बाईंनी त्याला माळावर नेलं. ढेकळं तुडवत, पँटीला कुसळं गोळा करत तो आला. बाईंनी हाक मारली तशी झाडाखालून, ओघळीतून पोरं धावली. मागोमाग मेंढरं. धुरळाच धुरळा. साहेबानं बोट नाचवत मोजलं: सतरा. परत मोजलं: बावीस. तिसऱ्यांदा अठरा, त्यातलं एक कोकरू. वैतागून त्यानं शाळा बंदीचा कागद काढला आणि पेनाचं टोपण उघडलं. बाईंचा चेहरा पहिल्यांदाच उतरला.

तेवढ्यात बुटकी पुढं झाली. नऊ वर्षांची, चाळीस मेंढरांची मालकीण.

"साहेब, फिरता कळप असा मोजत नसतात. वाट अरुंद करायची."

तिनं सगळ्या पोरांना काट्याच्या कुंपणाआड हाकललं. कुंपणाला एकच फट, एका वेळी एकानंच निघावं अशी. बाईंना काय सुचलं, त्यांनी साहेबाच्या हातातला कागद घेतला, पालथा करून फटीजवळच्या दगडावर ठेवला. निघेल त्यानं आपलं नाव लिहायचं. साहेब म्हणाला, अहो, तो सरकारी कागद आहे. बाई म्हणाल्या, म्हणूनच.

एकेक पोर निघालं. कुणाचं नाव डोंगर चढलं, कुणाचं ओघळीत उतरलं, एकानं जीभ बाहेर काढून लिहिलं. बुटकी प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारून आकडा म्हणत होती. शेवटी स्वतः निघाली, नाव लिहिलं. तेवीस.

साहेबानं कागद उलटा केला, सुलटा केला. एका बाजूला शाळा बंद, दुसऱ्या बाजूला तेवीस नावं. मग टोपण लावलं, कागद घडी करून खिशात घातला आणि परत जायला त्याच फटीतून अंग चोरून निघाला. बुटकीनं सवयीनं त्याच्याही पाठीवर थाप मारली.

"चोवीस."

"त्यांना धरू नकोस गं," बाई म्हणाल्या. "ते वर्षातनं एकदाच येतात."