निळ्या आठवड्यातला लाल रंग

रंगाऱ्याच्या मोरीत लाल पाणी वाहिलं तर दचकणार कोण? तीस वर्षं सुताच्या लडी रंगवून त्याची नखं, टाचा, टॉवेल, सगळ्यालाच कुठला ना कुठला रंग लागलेला. म्हणून तीन दिवस लघवी लालसर दिसली तरी त्याने दोन तांबे पाणी ओतलं आणि विषय मिटवला. हातचाच रंग असेल. जळजळ होत होती, ती उष्णतेने.

चौथ्या दिवशी हौदावर काम करताना ओटीपोटात कळ आली. तो कारखान्याच्या संडासात धावला. पुन्हा लाल. त्याने हात पाहिले. कोपरापर्यंत निळे. सोमवारपासून हौदात निळ्याखेरीज रंगच पडला नव्हता.

त्याचं धाबं दणाणलं.

परत आला, पण पाय एका जागी ठरेनात. लडी उचलली, ठेवली, पुन्हा संडासाकडे गेला, पुन्हा आला.

"अंगात मुंग्या शिरल्यात का रे?" हौदावरचा जोडीदार म्हणाला. त्याला सगळे मुंगूस म्हणत. "अर्ध्या तासात चार फेऱ्या. तिकडे कुणी भेटायला येतं का?"

"गप रे. उस्तादांना सुरुवातीला काय होत होतं?"

मुंगसाचं हसू मावळलं. उस्तादांनीच दोघांना हाताला धरून काम शिकवलं होतं. "लाल जायची. दुखत काहीच नव्हतं. रंग आहे, रंग आहे म्हणत दोन वर्षं अंगावर काढलं. का?"

"उगाच."

मुंगसाने त्याच्या हातातली लडी फिरवायची काठी काढून घेतली. "उगाचवाल्या, आधी दवाखाना गाठ."

केसपेपरवर काय काम करता, या प्रश्नाला त्याने "कारखान्यात" एवढंच सांगितलं. तपासणीची बाटली भरण्याआधी पाच वेळा हात धुतले. निळा थेंब पडायला नको. बाकावर बसवेना. दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत होता, तोवर मुंगसाच्या निरोपावर बायको आलीच. त्याला सगळं सांगावं लागलं.

"तीन दिवस! आणि मला ताकास तूर लागू दिली नाहीस?"

तासाभराने डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुढ्यात घेतले. "जंतुसंसर्ग आहे. लघवी तुंबवून ठेवता का?"

"मध्येच हौद सोडला तर सुतावर पट्टे पडतात."

"आणि पाणी?"

"प्यायलं की जावं लागतं."

"धन्य आहे! सोनोग्राफीत बारीक खडाही दिसतोय. जळजळ, रक्त, दोन्हीचा उलगडा होतो. गोळ्या घ्या, पाणी भरपूर."

"सुटलो गं बाई!" बायकोने पिशवी उचलली.

तोही उठला. दार दोन पावलांवर होतं. उस्तादांना दुखत नव्हतं, आपल्याला दुखतंय. म्हणजे आपलं वेगळं. एवढ्यावर भागलं असतं. पण दाराच्या कडीवर त्याचीच निळी नखं दिसली. तो मागे फिरून बसला.

"बाई, कारखाना रंगाचा आहे. तीस वर्षं झाली. आमचे उस्ताद मूत्राशयाच्या कॅन्सरने गेले."

डॉक्टरीणबाईंनी मिटलेलं पेन पुन्हा उघडलं. "बरं झालं सांगितलंत. मग खडा सापडला म्हणून थांबता येणार नाही. संसर्ग उतरला की दुर्बिणीने आतून बघू. दोन आठवड्यांनी."

"दोन आठवडे?" तो खुर्चीत चुळबुळला. पुन्हा कळ येत होती. सवयीने त्याने गुडघे आवळले.

बायकोने पिशवी खाली ठेवली आणि टेबलावरचा पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

"पी. आणि जाऊन ये. इथे हौद नाहीये."